तब्येत जरा जास्त आहे

“आधी काय बंद करायचं?”

“मेन.”

“मग?”

“मग फ्यूज ओढायचा, जळकी तार काढायची, नवी गुंडाळायची. पण अहो, हे मी कशाला करू? तुम्ही आहात की घरात.”

गुरुजी स्टुलावर उभे होते. माझ्या बोलण्याकडं कानाडोळा करून ते खाली उतरले आणि त्यांनी फ्यूज माझ्या हातात ठेवला. “करून दाखव,” म्हणाले.

पदर खोचून मी स्टुलावर चढले. दिवाळीची सुट्टी चालू होती, शेजारच्या अंगणात पोरं टिकल्या फोडत होती आणि मी, लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर, मीटरच्या पेटीत डोकं घालून उभी होते. दोनदा चुकले. शेवटी दिवा लागला तेव्हा माझ्या मीच टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी फक्त मान हलवली. एखाद्या पोरानं पाढा न अडखळता म्हटला की वर्गात हलवायचे, तशी.

माझ्या नवऱ्याला सगळी पळसवाडी गुरुजी म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. नाव घ्यायची वेळ उखाण्यापुरतीच. विलास सुतार, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग. मी घरी बसून ब्लाउज शिवायचे. मुलगी मुक्ता शिकायला कोल्हापुरात. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या गल्लीतली कितीतरी माणसं गेली, पण आमच्या घरातलं कुणी गेलं नाही. लोक म्हणायचे, सुतारांवर देवाची कृपा. मीही हात जोडून तेच म्हणायचे.

त्या सुट्टीत गुरुजींनी मला शिकवायचा सपाटाच लावला. बोअरची मोटार कशी चालू करायची, गॅस कुठल्या नंबरवर लावायचा, एटीएममध्ये कार्ड कुठल्या बाजूनं घालायचं. स्कूटीसाठी तर मी वर्षानुवर्षं मागं लागले होते. ‘पडशील, पाय मोडून घेशील,’ म्हणून कधी हात लावू दिला नव्हता. आता स्वतः मागं बसून माळावर शिकवली. मी ती सरळ घाणेरीच्या झुडपात घातली, तरी ओरडले नाहीत. अंगावरचे काटे काढत म्हणाले, “पुन्हा.” मी गल्लीभर मिरवत होते. मला वाटलं, चला, माणूस माणसात आला. कारण त्याआधीचे कितीतरी महिने ते घरात असून नसल्यासारखे होते.

लाटेत शिक्षकांना ड्युट्या लागल्या होत्या. कुणी नाक्यावर उभं, कुणी रेशनच्या दुकानात. गुरुजींचा आवाज गोड, म्हणून त्यांना फोनची ड्युटी मिळाली. तालुक्याच्या दवाखान्यातनं रोज सकाळी पेशंटांची खबर शाळेत यायची आणि आपल्याच चौथीच्या वर्गात बसून गुरुजी आपल्याच मोबाइलवरनं घरोघर फोन लावायचे. नातेवाइकांना आत सोडत नव्हते, त्यामुळं गुरुजी सांगतील तेवढंच घरी कळायचं. परत आले की आंघोळ करून वेगळ्या खोलीत निजायचे. काय बोलता, कसं बोलता, असं विचारलं तर म्हणायचे, “सांगायचं ते सांगतो.”

ड्युटी संपली आणि काही दिवसांतच त्यांनी फोन घ्यायचं सोडलं. वाजला की उठून परसात जायचे. आणखी एक खूळ लागलं. ‘जरा’ हा शब्द त्यांना चालेना. ‘जरा मीठ वाढू का’ म्हटलं की घास तसाच हातात धरून विचारायचे, “जरा म्हणजे किती? सरळ सांग.” जरा थांबा, जरा सरका, जरा बरं वाटतंय का, प्रत्येक ‘जरा’ला तेच. मी चेष्टा करायचे. म्हणायचे, दारात पाटीच लावते आता, बाही जरा सैल ठेवा असं कुणी म्हणायचं नाही म्हणून.

दिवाळीला आलेली मुक्ता परत निघाली त्या दिवशी आम्ही दोघं तिला स्टँडवर सोडायला गेलो. गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढायचं विसरूनच गेले. कंडक्टरनं दोरी ओढून घंटी मारली, पुन्हा मारली, तेव्हा तिनंच हसत तो हात खाली घेतला. घरी येऊन मी मशीनवर बसले. ते समोरच्या खुर्चीत.

“मग? आज काय शिकवणार?” मी विचारलं.

“आज काही नाही. पोर्शन झाला.” आणि ते हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. “आता तुझं कुणावाचून अडायचं नाही.”

माझा पाय पायडलवरच थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात पोर्शन झाला की गुरुजी काय करतात ते मला पाठ होतं. फळा पुसतात, खिडक्या लावून घेतात आणि वर्गाला कुलूप घालतात. मी खाली मान घालून सुईत दोरा ओवत राहिले आणि तो काही केल्या ओवला जाईना.

दुसऱ्या दिवशी बीपीच्या गोळ्यांचं निमित्त करून मी सरकारी दवाखाना गाठला. तिथं आठवड्यातनं एकदा समुपदेशनाच्या मॅडम बसायच्या, निलोफर मुजावर. त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायची मला लाज वाटत होती. ओळखीची बाई दिसली की मी भिंतीवरचं पोलिओचं पोस्टर वाचल्यासारखं करायचे. आत गेल्यावर मात्र सगळं एका दमात सांगून टाकलं.

“मरणाबद्दल काही बोलतात का?” मॅडमनी विचारलं.

“नाही.”

“तुम्ही विचारलंत?”

“असं कसं विचारायचं, मॅडम?”

“सरळ. जीव द्यावासा वाटतो का, असं.”

मी दोन्ही हात कानांवर ठेवले. “भरल्या घरात असलं अशुभ तोंडातनं काढू? आणि त्यांच्या मनात नसलंच, तर मीच घालायचं का?”

“विचारल्यानं मनात जात नाही, ताई. असलं तर बाहेर येतं. बरं नाही का, काळजी वाटते, असलं गोल गोल बोललात तर उत्तरही गोलच मिळेल. सरळ विचारा. आणि हो म्हणाले, तर त्यांना क्षणभरही एकटं सोडू नका. जिल्ह्याच्या दवाखान्यात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, थेट तिकडं घेऊन जा. आजार आहे हा. औषध आहे त्याला.”

घरातलं काय काय नजरेआड करायचं तेही त्यांनी समजावून दिलं. ते मी आल्या आल्या केलं. प्रश्न तेवढा जमेना. गुरुजींच्या समोर जाऊन उभी राहायचे, पदराला हात पुसायचे, तोंड उघडायचे आणि बाहेर यायचं, “चहा टाकू का?” ते हो म्हणायचे. दिवस मावळेपर्यंत त्यांना किती चहा पाजला कोण जाणे. एकदाही नको म्हणाले नाहीत. माणसानं कशालाच नको म्हणू नये, ह्याची इतकी भीती वाटते हे मला तोवर माहीत नव्हतं.

बाजारच्या दिवशी सकाळी फाटकापाशी एक माणूस येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, डोक्यावर पांढरी टोपी, अंगातला सदरा दुसऱ्या कुणाचा असावा इतका ढगळ.

“फोनवाले गुरुजी हितंच ऱ्हात्यात का?”

“कोण फोनवाले?”

“ते हो, लाटंत फोन करायचे. दवाखान्याचे.”

मी काही बोलणार तोच मागच्या खोलीत काहीतरी पडलं. वळून पाहिलं, तर गुरुजी भिंतीला पाठ लावून उभे होते आणि त्यांच्या पायाशी तांब्या लवंडून पाणी पसरत होतं. चेहरा पांढराफटक. त्या माणसाला त्यांनी पाहिलंही नव्हतं. नुसता आवाज ऐकला होता.

“घरी नाहीत,” मी फाटकाकडं तोंड करून म्हटलं.

“येतील की. मी बसतो.” आणि तो समोरच्या बंद दूध डेअरीच्या पायरीवर जाऊन बसला. आमच्या दाराकडं तोंड करून.

मी आत आले. “कोण आहे तो?”

“येणारच होता,” गुरुजी म्हणाले.

“अहो, पण कोण?”

“त्याला वाकडं बोलू नकोस, रत्ना. त्याचा हक्क आहे.”

एवढं बोलून ते आतल्या खोलीत गेले. दाराच्या फटीतनं मी पाहिलं. ते शाळेत जायचा पांढरा शर्ट अंगात घालत होते आणि एकेक बटण सावकाश लावत होते. शाळेला सुट्टी होती. मला वाटलं, त्या माणसाला एकदा घालवून दिलं की सगळं ठीक होईल. मी तडक बाहेर पडले. मशीनवरची मोठी कात्री हातात तशीच राहिली होती की मीच उचलली होती, ते आजही सांगता येणार नाही.

“काय पाहिजे तुम्हाला?”

त्यानं कात्रीकडं पाहिलं आणि पायरीवर सरकून मला जागा केली. “बसा, वैनी.”

“मी बसायला आले नाही.”

“बरं. मी आनंदा चौगुले. नदीपल्याडच्या मळ्यातला. लाटंत तालुक्याला ॲडमिट हुतो.” तो मधेमधे थांबून श्वास घेत होता. “मी मेलेला मानूस हाय, वैनी. माझा दहावा झालाय. भावकीतल्या पोरांनी डोकी भादरून, पिंड ठिवून. मी तिकडं नाकात नळ्या घालून पडलोवतो तवा.”

“असं कसं होईल?”

“घरात माझी बायकू एकलीच. अक्काताई. तिला बी ताप हुता. तिला गुरुजींचा फोन आला. तुमच्या पेशंटची तब्येत जरा जास्त आहे.” ते वाक्य त्यानं अगदी गुरुजींच्या भाषेत, पाठ केलेल्या कवितेसारखं म्हटलं. “शेजारच्या पोरीनं आयकलंवतं, फोन मोठा करून धरला हुता. आनि खरं सांगू का, त्या दिवशी माझी जास्तच हुती. नुसती जास्त. मी मेलो नव्हतो. गुरुजी हाय तेच बोलले.”

पुढचं सांगायची गरज नव्हती. आपल्याकडं फोनवर कुणी मेलेलं नसतंच. माणूस सिरियस असतो, त्याचं जास्त झालेलं असतं, सगळे लगेच निघून या असतं. माझे वडील गेले तेव्हा भावानं मला फोनवर हेच सांगितलं होतं, आणि मी एसटीत बसायच्या आधी कपाळ बडवून घेतलं होतं. सांगणाऱ्यानं अर्धं सांगायचं, ऐकणाऱ्यानं उरलेलं समजून घ्यायचं. जन्मभर आम्ही सगळ्यांनी हेच केलेलं.

“तिनं कुक्कू पुसलं,” आनंदा म्हणाला. “बांगड्या फोडल्या. फोन बंद करून टाकला आनि भिंतीकडं तोंड करून निजली. भावकीतली पोरं म्हनली, काकी, ताप हाय, दवाखान्यात चल. तर बोलली न्हाई, नुसता हात हलवला. हाय खाल्ली तिनं. त्याच आठवड्यात गेली. तवा बॉडी कुनाला मिळतच नव्हती, म्हनून माझी मागायला बी कोन गेलं न्हाई. दोघांचं एकदमच उरकलं. मी बरा हून दारात उतरलो, तर भावजयीनं किंकाळी फोडली.”

मी कधी पायरीवर बसले ते मलाच कळलं नाही. कात्री खाली ठेवली.

“तुम्ही ह्यांना फोन केला होता का?”

“केलता. तिच्या मोबाइलवर शेवटचा नंबर त्येंचाच. लई वंगाळ बोललो मी, वैनी. तुमी माझी बायकू मारली म्हनलो. त्येनी एक शब्द काढला न्हाई. फुडं किती येळा लावला, उचललाच न्हाई. मग आसं हुडकत आलो.”

“आणि आता काय शिक्षा द्यायला आलात?”

“शिक्षा?” त्याला खरोखरच कळेना. “न्हाई वो. मला एक इचारायचंय फकस्त. तेवढं इचारलं की जातो.”

मी घराकडं पाहिलं. समोरच्या दारातनं आरपार परस दिसत होतं. मागचं दार सताड उघडं होतं. सकाळी मी स्वतः त्याला कडी घातली होती. मी धावत आत गेले. खोल्या रिकाम्या. खिळ्याला शाळेची किल्ली नव्हती.

काय ओरडले ते आठवत नाही. शाळा आमच्या परसामागंच, मधे नुसता बोळ. आनंदा माझ्यामागं धावत होता आणि त्याच्या छातीतनं फुटक्या पाव्यासारखा आवाज येत होता. व्हरांड्यात कुणी नव्हतं. चौथीच्या वर्गाच्या खिडक्या लावलेल्या, दार आतनं बंद.

“अहो! दार उघडा!”

मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. आत बाक सरकल्याचा आवाज आला. मी किंचाळले. “मुक्ताची शपथ आहे तुम्हाला, दार उघडा!” आवाज थांबला. पण कडी वाजली नाही.

आनंदानं मला खांद्याला धरून बाजूला केलं. तो दारापाशी खाली बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि फटीला तोंड लावलं.

“गुरुजी, मी आनंदा चौगुले बोलतोय. दार उघडायची काय गरज न्हाई. फोनवर बोलल्यागत बोलू.”

त्यानं थांबून दम घेतला.

“मी तुमास्नी बोल लावायला आलो न्हाई. तुमी काय बोलला ते मला ठावं हाय. ती काय बोलली ते सांगा. तुमच्या फोननंतर ती कुनाशीच बोलली न्हाई, गुरुजी. त्या पोरीला बी तिनं फोन घिऊन भाईर घालवलीवती. माझ्या बायकोचं शेवटचं बोलनं तुमच्या कानात हाय. माझ्याकडं काय बी न्हाई.”

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि आतल्या बारीक आवाजांवर माझा जीव टांगला होता. मग गुरुजी बोलले. एवढ्या महिन्यांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. मुलांना धडा वाचून दाखवायचे तो.

“मी विचारलं, चौगुल्यांच्या घरून बोलताय का? त्या म्हणाल्या, हो, मी मालकीण. मी म्हटलं, तुमच्या पेशंटची तब्येत जरा जास्त आहे.”

“हां. मग?”

“त्या सकाळी मी तेच वाक्य आणखी घरांतही बोललो होतो. तिथली माणसं गेलेली होती. मला ‘गेले’ म्हणवत नव्हतं. मी ते एकच वाक्य सगळ्यांना...”

“ते ऱ्हाऊ द्या. ती काय म्हनली?”

“आधी म्हणाल्या, थांबा, बाहेर पाठवते पोरीला. मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, बरं.”

“बरं म्हनली?”

“हो. आणि मग म्हणाल्या, गुरुजी, तुमचा आवाज लई बसलाय. सकाळपासनं बोलताय वाटतं. तोंडात खडीसाखर धरा.”

आनंदाच्या तोंडातनं एक विचित्र आवाज आला. हसला की रडला ते मला कळलं नाही. “खडीसाखर,” तो म्हणाला. “भजनाला जाताना माझ्या खिशात घालायची. आईच्यान. खडीसाखर म्हनली?”

“मला तेव्हाच कळायला हवं होतं,” गुरुजी आतनं म्हणाले आणि आता तो आवाज फाटला. “जिला नवरा आहे असं वाटतं, ती विचारते, कुठल्या वॉर्डात आहेत, काही खाल्लं का. त्यांनी काहीच विचारलं नाही. त्या माझा घसा विचारत होत्या. मी मास्तर माणूस, मला समजलं नाही. मी थँक्यू म्हणालो आणि पुढचा नंबर लावला.”

आनंदा ढसाढसा रडला. भिंतीला डोकं टेकून, लाज न बाळगता. मीही रडले. शाळेच्या मैदानात कुणाची तरी शेळी चरत होती आणि बाजारातनं भोंग्याचा आवाज येत होता, जसं काही झालंच नाही. मग त्यानं टोपीनं तोंड पुसलं आणि पुन्हा फटीला तोंड लावलं.

“गुरुजी, आता मी एक इचारतो. जीव द्यायचं मनात हाय का तुमच्या?”

मी त्याचा दंड गच्च धरला. जे माझ्या जिभेवर येऊन चहा होऊन जात होतं, ते त्यानं असं विचारलं, जसं एखाद्याला पाऊस लागला का विचारावं.

“माझ्या हुतं,” तो दाराशी बोलत राहिला. “आजून बी एकाद्या सांजंला येतंय. म्हनून इचारतो. लाजायचं न्हाई. हाय का?”



“हो,” गुरुजी म्हणाले.

खरं सांगते, त्या एका शब्दाची जेवढी भीती वाटली, तेवढंच हायसंही वाटलं. इतके महिने घरात मी कुणाला चहा पाजत होते, कुणाचे शर्ट धूत होते, ते आता कुठं मला कळलं होतं.

“मग आता कडी काढा,” आनंदा म्हणाला. “एवढं सरळ बोललात. फुडलं समोर बसून बोलू. मी हितनं हलत न्हाई आनि वैनी बी न्हाईत.”

कडी वाजली. गुरुजी दारात उभे राहिले. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, आणि घामानं भिजलेला चेहरा. मागं वर्गात काय होतं ते मी पाहिलं नाही. आनंदानं पाहिलं. त्यानं गुरुजींना हाताला धरून बाहेर घेतलं आणि दार ओढून लावून टाकलं.

त्याचा छोटा हत्ती टेम्पो बाजाराच्या कोपऱ्यावर उभा होता. भाजी उतरून मोकळा झालेला, मागं कोबीचा पाला तसाच. तिघंही पुढंच बसलो. गुरुजी मध्ये, एका बाजूला आनंदा, दारापाशी मी. तसं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मी वाटेत मुजावर मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, या, मी तिकडं कळवून ठेवते. बोलताना माझ्या दुसऱ्या हातात गुरुजींचं मनगट होतं. ते सोडवून घेत नव्हते आणि धरतही नव्हते.

पुलावर गाडी हळू झाली तेव्हा ते खाली पाण्याकडं बघत राहिले. नदीला भरपूर पाणी होतं. आनंदानं एका हातानं स्टिअरिंग धरलं आणि दुसरा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला, पूल संपेपर्यंत. पुढं त्यांना लघवीला उतरायचं होतं. आनंदाही उतरला आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

जिल्ह्याच्या दवाखान्यात खिडकीपुढं ही रांग. मागं माणसं, बायका, कडेवरची पोरं. आमचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या माणसानं मान वर न करताच विचारलं, “पेशंट कोण?”

सवयीप्रमाणं मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

“मी,” गुरुजी म्हणाले.

“काय होतंय?”

“मरावंसं वाटतं.”

नुकत्याच खिडकीपासनं बाजूला झालेल्या बाईनं वळून पाहिलं आणि पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. मी खाली बघणार होते, पण बघितलं नाही. खिडकीतल्या माणसानं आता मान वर केली, गुरुजींकडं नीट पाहिलं आणि आवाज खाली आणून नाव विचारलं. गुरुजींनी सांगितलं. विलास सुतार, वय, गाव, सगळं स्वच्छ.

तेवढ्यात आमच्या मधनं आनंदाचा हात खिडकीत गेला.

“आनि माझा बी एक केसपेपर काढा, सायेब,” तो म्हणाला. “माझं बी तेच हाय.”